दिवस वाढतोय, थंडीही वाढतेय

ताई, नमस्कार.

तुमचं सदर बरीच वर्षं वाचते, लिहायची वेळ कधी आली नव्हती. माझी आई नोव्हेंबरात गेली. कोविडनेच. ती घरीच राहते म्हणत होती, मीच फोनवर हट्ट धरून तिला दवाखान्यात पाठवलं. तिथे कोणालाही आत सोडत नव्हते. अकराव्या दिवशी ती गेली, जवळ कोणी नसताना. अंत्यविधी मी फोनवर पाहिला, आणि त्यातही नेटवर्क गेलं. पडदा सहा मिनिटं गोठला होता. परत चालू झाला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

संध्याकाळी देवापुढे बसायची सवय मला आईनेच लहानपणी लावली. ती आजारी होती ते अकराही दिवस मी बसले, मागायचं ते सगळं मागितलं. आताही बसते. पण तोंडातून शब्द फुटत नाही. भिंतीसमोर बसल्यासारखं वाटतं. त्यात इथला, परदेशातला हा हिवाळा. साडेचारला अंधार पडतो. नवऱ्याचं काम सप्टेंबरपासून बंद आहे, तो दिवसभर फोनमध्ये आकडे बघत बसतो. आधी म्हणालो उन्हाळ्यापर्यंत संपेल, मग म्हणालो वर्षअखेरीपर्यंत. आता लस आली म्हणतात, आणि माणसं तर आधीपेक्षा जास्त जाताहेत. ज्याला त्याला विचारावं तर 'श्रद्धा ठेव, पॉझिटिव्ह राहा'. माझी नऊ वर्षांची मुलगी रोज झोपताना विचारते, 'आई, सगळं नीट होईल ना?' मी 'हो' म्हणते आणि दिवा मालवल्यावर मला माझीच लाज वाटते.

आईने दवाखान्यातून पाठवलेला एक व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहे. बेचाळीस सेकंदांचा. मी तो अजून ऐकलेला नाही.

माझी श्रद्धा संपली का? संपली असेल तर परत कशी आणायची? आणि मुलीला काय सांगू?

एक वाचक
(जानेवारी २०२१)

* * *

आधी दवाखान्याचं बोलू. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, आणि माणूस जे एका वाक्यात उरकतो तेच बहुतेक वेळा त्याला रात्री तीनला उठवून बसवतं.

या आजाराची एक फसवी खोड गेल्या वर्षभरात डॉक्टरांना वारंवार दिसली. रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन चांगलाच खाली गेलेला असतो, आणि तरी तो नीट बोलत असतो, 'मला काही होत नाहीये' म्हणत असतो. घरीच राहते म्हणणाऱ्या आईचा आवाज फोनवर ठणठणीत वाटला असेल तरी त्यावरून काहीच कळत नव्हतं. ऑक्सिजन, सतत लक्ष, आणि डेक्सामेथासोन हे साधं स्वस्त स्टेरॉइड, हे सगळं दवाखान्यात होतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाल्याचं जून २०२० मध्ये कळलं होतं. म्हणजे नोव्हेंबरात 'दवाखान्यात जा' हे कोणाही शहाण्या माणसाने दिलं असतं तेच उत्तर तुम्ही दिलंत. पुढे काय झालं ते आज तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी कानाला फोन लावून बसलेल्या तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. आणि आत कोणाला न सोडण्याचा नियम तुम्ही केलेला नव्हता.

एवढ्याने टोचणी जाणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मी बरोबर उलटं केलं होतं. त्यांचं ऐकलं, त्यांना घरीच ठेवलं. आणि पुढची दोन वर्षं मला वाटत राहिलं की दवाखान्यात न्यायला हवं होतं. तुम्ही पाठवलंत म्हणून दोषी, मी पाठवलं नाही म्हणून दोषी. यावरून मी एवढं शिकले की ही टोचणी निर्णयातून येतच नाही. ती माणूस गेल्यातून येते, आणि बसायला जागा शोधत निर्णयावर येऊन बसते.

आता श्रद्धेचं. पण तिथवर जायच्या आधी एक गाठोडं सोडावं लागेल. 'माझी श्रद्धा संपली' असं म्हणून तुम्ही त्यात कायकाय एकत्र बांधलंय, आणि त्यातल्या काही गोष्टींचा देवाशी काडीचाही संबंध नाही.

साडेचारला पडणारा अंधारच घ्या. दर हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या उदासीचं वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. झोप वाढते, गोड आणि पिष्टमय खावंसं वाटतं, हातपाय जड होतात, कशात जीव रमत नाही. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. बाहेर अगदी ढगाळ दिवशीही तो हजारांत असतो. दिवे लावले की डोळ्यांना घर लख्ख वाटतं, शरीराच्या घड्याळाला मात्र ती दिवसभर संध्याकाळच वाटते. तेव्हा रोज सकाळी, उठल्यापासून तासाभरात, अर्धा तास बाहेर पडा. मास्क लावून, माणसांपासून दूर राहून, आभाळ भरलेलं असलं तरी. ते जमण्यासारखंच नसेल तर १०,००० लक्सचे खास दिवे मिळतात, त्यांच्यासमोर सकाळी अर्धा तास बसतात. (डोळ्यांचा काही आजार असेल किंवा मनःस्थिती टोकाची वरखाली होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) तुम्ही देवाचं विचारलंत आणि मी दिव्याचं सांगतेय, याचा मलाही जरा संकोच वाटतोय. पण जी मरगळ सकाळी चालून आल्यावर थोडी तरी उतरते, तिचं खापर श्रद्धेवर फोडू नये.

आणि हे स्पष्टच लिहिते: बहुतेक सगळा दिवस, सलग दोन आठवड्यांहून जास्त, कशातच गोडी उरली नसेल, झोप आणि खाणं बिघडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगूच नये असं वाटलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच क्षणी घरात बोलायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन. याचा श्रद्धा कमी असण्याशी संबंध नाही. ताप आल्यावर आपण श्रद्धा तपासत नाही.

गाठोड्यातली दुसरी गोष्ट जास्त जड आहे. तुम्ही आईचं दुःख अजून कोणाला सांगितलेलंच नाही.

माणूस गेल्यावर लोक जमतात, आणि आपल्याला त्या क्षणी त्यांचा रागही येतो. पण ते काय करतात बघा. एकेक जण दारातून आत येतो, हात धरतो, विचारतो, 'कसं झालं?' आणि आपण पहिल्यापासून सांगतो. दुसरा येतो, पुन्हा पहिल्यापासून. तेच शब्द, तीच थांबण्याची जागा. वीस वेळा सांगून झाल्यावर घडलेलं आपल्याला पहिल्यांदा खरं वाटू लागतं. तुम्हाला हे वीस जण मिळाले नाहीत. तुमच्या वाट्याला एक गोठलेला पडदा आला. पॉलिन बॉस या अभ्यासिका १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. माणूस गेला म्हणावं तर देह पाहिलेला नाही, आहे म्हणावं तर घरात नाही, अशा अर्धवट राहिलेल्या वियोगाला त्यांनी नाव दिलं. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. अशा वियोगात माणूस दुःखाच्या उंबऱ्यावरच अडकतो, ना आत जाता येत ना बाहेर. तुमची आई बेपत्ता नव्हती, पण ती सहा मिनिटं बेपत्ता आहेत, आणि मला वाटतं तुम्ही अजून तिथेच उभ्या आहात.

म्हणून एक दिवस ठरवा. उशीर झालाय म्हणून नको, असं म्हणू नका. या वर्षात सगळ्यांनाच उशीर झालाय. आईला ओळखणाऱ्या आठ-दहा जणांना एका व्हिडिओ कॉलवर बोलवा. नियम एकच: कोणी कोणाचं सांत्वन करायचं नाही. प्रत्येकाने आईची एकच आठवण सांगायची, तिच्या खोड्या आणि तिचा राग यांसकट. शेवटी तुम्ही ते अकरा दिवस सांगायचे. पहिल्या फोनपासून गोठलेल्या पडद्यापर्यंत, काही न गाळता. मधे नेटवर्क जाईल. जाऊ दे. सगळे थांबतील, परत जोडले जातील, आणि तुम्ही जिथे थांबलात तिथून पुढे सांगाल.

आता त्या तारखांकडे येते. उन्हाळ्यापर्यंत, मग वर्षअखेरीपर्यंत.

मीही हेच केलं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महासाथ म्हटलं. त्याच आठवड्यात मी कॅलेंडरवर तीन आठवडे पुढच्या तारखेला गोल केला, की तोवर सगळं सुरळीत होईल. (त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. तो दात अजून दुखतोय.) अशी तारीख चुकली की वाटतं, आशाच खोटी निघाली. खरं तर चुकलेली असते तारीख, पण दोघींना आपण एकत्र बांधलेलं असतं, त्यामुळे एक पडली की दुसरीही खाली येते. असं तीनदा झालं की माणूस आशेचं नाव काढेनासा होतो. १९१८ साली आलेला इन्फ्लुएन्झा तीन लाटांत आला. वसंतातली लाट सौम्य होती म्हणून लोकांना वाटलं गेलं संकट, आणि शरदातली सगळ्यांत भयंकर निघाली. तिसरी १९१९च्या सुरुवातीला. साथ ओसरली हे खरं, पण 'आज संपली' असा एक दिवस त्यांना कोणी काढून दिला नव्हता. ज्यांनी तो पाहिला त्यांना तो पाहताना कळलाही नसेल.

तुम्ही लिहिलंत, लस आली म्हणतात आणि माणसं तर आधीपेक्षा जास्त जाताहेत. दोन्ही खरं आहे. ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये ९० वर्षांच्या एका आजींना लस टोचली गेली. पूर्ण चाचण्या झालेली या आजाराची ही लस चाचण्यांबाहेर कोणाला मिळण्याची ती पहिली वेळ. आणि १५ जानेवारीला जगभरातल्या नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा २० लाखांवर गेला. हे विचित्र वाटतं, पण तुमच्या खिडकीबाहेर सध्या हेच चाललंय. २१ डिसेंबर हा उत्तर गोलार्धातला जवळपास सगळ्यांत लहान दिवस. त्यानंतर उजेड वाढू लागतो. आधी काही सेकंदांनी, मग मिनिटाने, दोन मिनिटांनी. पण कडाक्याची थंडी येते ती त्याच्यानंतर, जानेवारीत. कारण जमीन आणि समुद्र यांनी उन्हाळ्यात साठवलेली ऊब अजून निसटतच असते, आणि नुकताच वाढू लागलेला उजेड ती तूट भरून काढायला कित्येक आठवडे पुरत नाही. या काळात बाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'ऋतू पालटलाय' असं सांगितलं तर तो वेड्यात काढेल, आणि त्याची काही चूक नाही. त्याच्या अंगाला जे लागतंय ते खरंच आहे. तुम्ही आत्ता त्या आठवड्यांत आहात. थंडी वाजणं हा तुमच्या आशेचा पराभव नाही, आणि उजेड वाढतोय हेही कोणी धीर द्यायला रचलेलं खोटं नाही.

त्या लशीमागची एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही. कातालिन कारिको, हंगेरीतून १९८५ साली अमेरिकेत आलेल्या. एमआरएनए नावाचा निरोप शरीरात सोडून पेशींकडूनच हवं ते प्रथिन बनवून घेता येईल, ही त्यांची कल्पना. संशोधनासाठी पैसे मागितले की नकार. १९९५ मध्ये त्यांना विद्यापीठात खालच्या पदावर आणलं गेलं. २००५ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी ड्रू वाइसमन यांनी दाखवून दिलं की त्या एमआरएनएच्या एका घटकात जरासा बदल केला की शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. तेव्हा फारसं कोणी मान वर करून पाहिलं नाही. आज फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना या दोन्ही लशी त्याच बदलावर उभ्या आहेत. विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२० मध्ये खुला झाला आणि अकरा महिन्यांत लस दंडात गेली. याआधीची सगळ्यांत झटपट लस १९६०च्या दशकातली, गालगुंडांची. तिलाही चारेक वर्षं लागली होती.

हे मी चिकाटीचे गोडवे गायला सांगत नाहीये. खचलेल्या माणसाला चिकाटीच्या गोष्टी सांगितल्या की तो आणखी खचतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मला त्या १९९५ सालाकडे बघायचंय. त्या वर्षी त्यांच्याजवळ कुठलीही तारीख नव्हती. एवढंच काय, हा आजारही नव्हता. कशासाठी चाललंय, हेही पुरतं माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत जायचं, एवढं ठरलेलं होतं.

तुमच्या घरात असं ठरलेलं काय आहे? साडेचारला अंधार पडतो, ती तुमची सगळ्यांत वाईट वेळ असावी असा माझा अंदाज आहे. मग त्याच वेळेला काम लावून टाका. ओळखीत कोणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, रोज साडेचारला त्याला फोन. विषय ठरवू नका, हवा कशी आहे इथपासून सुरू करा. चार दिवसांनी ते माणूस साडेचारला फोनजवळ येऊन बसायला लागेल. उद्या काय होईल हे तुम्हाला सांगता येणार नाही, पण उद्या साडेचारला कोणाकडे फोन वाजणार आहे हे सांगता येईल. सध्या मी आशा म्हणजे एवढंच समजते. आणि तुमच्या नवऱ्याकडे मुलीला घेऊन सकाळी बाहेर जायचं काम द्या. काम गेलेल्या माणसाला सल्ल्यापेक्षा वेळ पाळायला लावणारी जबाबदारी बरी वाटते, असा माझा अनुभव. आकडे दिवसातून एकदा बघितले तरी तेवढेच असतात.

आता उरलं ते. गाठोड्यातून अंधार काढला, अर्धवट राहिलेलं दुःख काढलं, चुकलेल्या तारखा काढल्या. तरीही तळाशी एक प्रश्न शिल्लक राहतोच: मी मागितलं, अकरा दिवस मागितलं, आणि मिळालं नाही. मग समोर कोणी आहे की नाही?

मी पुरोहित नाही, तत्त्वज्ञही नाही. देव आहे का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी जरा लांबच असते. 'देवाची इच्छा' असं तुम्हाला कोणी म्हणालं असेल तर त्याला मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळ्या व्हा. 'पॉझिटिव्ह राहा' याचं तर काय बोलावं! गेल्या वर्षभरात हा शब्द ऐकून माणसं घाबरून घरात बंद होत होती.

मला दिसतं ते असं. आपण सगळेच देवाशी थोडाफार व्यवहार करतो. मी रोज बसेन, तू घर सांभाळ. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. घाबरलेला माणूस ज्याच्याशी बोलेल त्याच्याशी सौदा करणारच. तो सौदा मोडला. त्याची तक्रार तुमच्या घशात अडकून बसलीये, आणि 'देवापुढे चांगलंच बोलायचं' या आईच्या शिकवणीमुळे ती बाहेर येत नाही. म्हणून शब्द फुटत नाही. तुम्हाला बोलायला काही उरलं नाही, असं मला पत्रावरून मुळीच वाटलं नाही. तुमच्याजवळ बोलायला फार आहे, आणि ते सगळं रागाचं आहे.

ते बोला. आपल्या भाषेत तर याची परंपराच आहे. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले, हे मी तुम्हाला सांगायला नको. जनाबाई तर त्याला सरळ शिव्या देते. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली जवळपास एक तृतीयांश गाऱ्हाण्यांची आहेत. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठेतरी वळतात, धीर येतो, आभार मानले जातात. ८८वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटचा शब्दही अंधाराचाच. कोणा शहाण्याने त्याला दोन आशेच्या ओळी जोडल्या नाहीत की ते वगळलं नाही. शेकडो वर्षं माणसं ते प्रार्थना म्हणूनच म्हणत आली आहेत. २७ मार्च २०२०च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चौकात उभे होते. पाऊस पडत होता, आणि एरवी हजारोंनी भरणारा तो चौक रिकामा होता. त्या दिवशी वाचलेला उतारा मला फार सूचक वाटला. वादळात नाव बुडायला आलीये, येशू नावेत झोपलाय, आणि शिष्य त्याला हलवून उठवतात: आम्ही मरतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? सगळं जग घरात बंद असताना धर्माच्या इतक्या मोठ्या व्यासपीठावरून वाचायला निवडलं ते हे गाऱ्हाणं.

श्रद्धा या शब्दात 'धा' हा धातू आहे. धा म्हणजे ठेवणं. पटणं, खात्री असणं, बरं वाटणं, यांतलं काहीच त्या धातूत नाही. मन कुठेतरी नेऊन ठेवायचं, बस. तुम्ही रोज संध्याकाळी त्या जागी येऊन बसता. काही मिळत नाही, काही ऐकू येत नाही, तरी बसता. श्रद्धा संपलेली माणसं मी पाहिली आहेत. ती बसत नाहीत. त्यांना त्या वेळेला दुसरं काम असतं, आणि न बसल्याचं त्यांना दुःखही नसतं. तुमच्यासारखी पत्रं ती लिहीत नाहीत.

अर्थात उद्यापासून नाही बसावंसं वाटलं तर नका बसू. आईचं त्यात काही बिघडणार नाही. पण बसलात तर निदान खोटं बोलू नका. 'मला तुझा राग आलाय' एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणा आणि उठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे वाक्य किती दिवस पुरेल ते मला ठाऊक नाही, आणि ते संपायची घाई तुम्हीही करू नका.

मुलीचं मात्र घाईचं आहे, कारण ती रोज विचारतेय. 'हो' म्हणू नका. तुम्हाला लाज वाटते ती बरोबर वाटते. तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टीची हमी तुम्ही देताय, आणि नऊ वर्षांच्या मुलांना ते आवाजावरून कळतं. म्हणून तर ती रोज विचारते. उत्तर मिळालं असतं तर एकदा विचारून थांबली असती. आधी तिलाच विचारा, 'सगळं म्हणजे काय गं?' बहुतेक तिच्या मनात जगाची चिंता नसेलच. आजी एकटी गेली तशी आई जाईल का, बाबांना काम मिळालं नाही तर काय, असलं काहीतरी असेल. मग ठाऊक आहे तेवढं खरं सांगा. 'सगळं नीट होईल का, मला माहीत नाही. आज रात्री मी इथे, या खोलीत आहे. सकाळी तू बाबांबरोबर बाहेर जाणार आहेस. आपण आजारी पडू नये म्हणून हे हे करतोय. आणि कोणी आजारी पडलंच तर अमुक माणूस तुझ्याजवळ येऊन राहणार आहे.' ते अमुक माणूस खरोखर ठरवून ठेवा, त्याला विचारून. तिच्यासमोर रडू आलं तर बाथरूममध्ये जाऊ नका. 'आजीची आठवण आली' म्हणा. तिलाही आली असेल, पण तुम्ही 'सगळं नीट होईल' म्हणत असल्यामुळे तिला बोलता येत नसेल.

शेवटी तो मेसेज. तुम्ही माझ्याकडे त्याबद्दल काहीच मागितलं नाहीत, नुसतं सांगितलंत. ऐकलाच पाहिजे असं नाही. लोक म्हणतील, ऐकून टाक, मोकळी होशील. त्यांना काय माहीत? त्या बेचाळीस सेकंदांत आई अजून तुमच्याशी बोलायची बाकी आहे, आणि ते बाकी ठेवावंसं वाटणं मला अगदी समजतं. ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी एकट्या ऐकू नका, एवढंच. तोवर एक काम आजच करा: तो मेसेज त्या एकाच फोनमध्ये राहू देऊ नका. फोन पडतात, बिघडतात, ॲप बदलतात. आणखी दोन ठिकाणी त्याची प्रत काढून ठेवा, आणि नवऱ्याला सांगून ठेवा कुठे ठेवलीये.